फुटसेक कुणाला म्हणतात

प्रिय आनंदराज,

सप्रेम जयभीम. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरला असशील तर आधी शांत हो. आम्ही दोघंही धडधाकट आहोत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, तेव्हा काळजी नको. तरोड्यातल्या आपल्या गल्लीचा रस्ता पुन्हा खोदून ठेवलाय. भुऱ्या कुत्रं पायरीवर पसरलेलं असतं आणि त्याला ओलांडून मी आत-बाहेर करतो. सूनबाई गीतांजली आणि आपली नात धम्मप्रिया परत तुझ्याकडे पोचल्या, तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर मी काही विचारलं की तू 'बाबा, आवाज तुटतोय' म्हणतोस, आणि नेमका तेव्हाच तुझा आवाज अगदी स्वच्छ येत असतो. कागदावर आवाज तुटत नाही. म्हणून बसलोय लिहायला. एका बैठकीत वाच, मध्ये उठू नकोस.

तिकीट तपासनिसाची नोकरी माणसाला बिघडवते, हे तू लहानपणापासून ऐकत आलास. नांदेड-लातूर आणि नांदेड-देगलूर रस्त्यावर मी उभी हयात एसटीच्या गाड्या थांबवल्या. तिकीट बघायच्या आधी चेहरा बघायचा, ही माझी पद्धत. तिकीट नसलेला माणूस एक तर एकदम झोपी जातो, नाहीतर खिडकीबाहेरची तूर जन्मात पहिल्यांदा दिसल्यासारखी बघत बसतो. आणि ज्याचा संशय येतो त्याला 'कुठं चढलात' हे थोड्या वेळानं पुन्हा विचारायचं. एकदा लोहा सांगतो, एकदा अहमदपूर. माझं सगळं शास्त्र एवढंच. निवृत्त झाल्यावर ते वापरायला माणसं उरली नाहीत, म्हणून मी दूधवाल्यावर आणि केबलवाल्यावर वापरतो. तुझी आई म्हणते, "नोकरी सुटली, पन नजर काई सुटली न्हाई तुमची." हे मुद्दाम आधीच लिहून ठेवतोय. पुढचं वाचताना 'बाबांना संशयाची सवयच आहे' असं म्हणून तू हात झटकशील. तसं करू नकोस.

उन्हाळा नुकताच लागला होता. रविवारचा व्हिडिओ कॉल होता आणि तू आम्हाला नवं घर दाखवत होतास. कंपनीनं दिलेला बंगला, पुढं हिरवळ, कडेला गुलाब, कुंपणापलीकडे द्राक्षांचे मळे, आणि त्याच्याही पलीकडे उन्हात चमकणारी तुझ्या कंपनीची सौर पॅनेलं. दक्षिण आफ्रिकेत इतकं मराठवाड्यासारखं ऊन असतं हे मला माहीत नव्हतं. तुझी आई तिथल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर भाकरीचा तवा कुठं ठेवायचा ते ठरवत होती, कारण डिसेंबरात आम्ही तिकडं यायचं हे तू नक्की करून टाकलं होतंस. तेवढ्यात 'एक मिनिट बाबा' म्हणून तू फोन टेबलावर पालथा-उताणा कसातरी ठेवलास. आम्हाला नुसतं छत दिसायला लागलं. आणि मग कुणीतरी ओरडलं. एकच शब्द. 'फुटसेक!' असं काहीतरी. शब्द काही कळला नाही, सूर मात्र कळला. आवाज कुणाचा ते ओळखू येईना. मग दार आपटलं, तू परत आलास आणि हसत म्हणालास, "हां आई, तवा कुठंबी ठेव."

मी विचारलं, कोण ओरडलं रे? तू म्हणालास, बागेत कुत्रं शिरलं होतं. तुझ्या आईचं समाधान झालं. पुढच्या रविवारी मी सहज म्हणून विचारलं, तिकडं मोकाट कुत्री फार आहेत का? तू म्हणालास, छे, आमच्या कॉलनीत कुत्रं दिसतच नाही, भिंत आहे, पहारा आहे. मग मी म्हटलं, मागच्या खेपेला तो शब्द कसला ऐकू आला? तू म्हणालास, कसला शब्द, टीव्ही चालू असेल. एकदा कुत्रं, एकदा टीव्ही. मी फोन ठेवला आणि चहा न घेता बाहेर जाऊन बसलो.

तेव्हापासून माझं डोकं एकाच रुळावरून धावायला लागलं. तुला तिकडं कुणीतरी दाबतंय. कुणी साहेब असेल, घरापर्यंत येऊन ओरडत असेल, आणि म्हाताऱ्यांना घोर नको म्हणून तू आमच्यापासून झाकतोयस. मग तू तो फोटो पाठवलास, धम्मप्रिया हिरवळीवर सायकल चालवतेय तो. तुझी आई नातीकडे बघत बसली. मी कडा बघितल्या. उजव्या कडेला रुंद काठाची टोपी, एक खांदा आणि एक बाही. बाकीचा माणूस फोटोबाहेर. मी विचारलं, हा कोण उभा आहे? तू लिहिलंस, 'कुणी नाही.' दोन दिवसांनी त्याच हिरवळीचा दुसरा फोटो आला, तो उजवीकडून कापलेला होता. आनंद, मी फोटो कापायला शिकलेलो नाही, पण कापलेला फोटो मला कळतो. माझी खात्री पटली की टोपीवाला हाच तो साहेब. माझ्या पोराच्या अंगणात उभं राहून माझ्या पोरावर डाफरणारा. त्या टोपीचा मी मनातल्या मनात इतका राग केला की जेवताना मला ती टोपी दिसायची.

पण शब्दाचा अर्थ कळल्याशिवाय भांडायचं कशावर? तुझ्या आत्याचा विनोद लातूरला क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो. लातूरच्या दवाखान्यात डोळे दाखवायचे आहेत असं तुझ्या आईला सांगून मी गाडीत बसलो. (तिला खरं वाटलं नाही. तीही इतकी वर्षं तपासनिसाच्या घरात काढलेली बाई आहे.) विनोदच्या क्लासखाली पोरांची आणि दुचाकींची ही गर्दी, वर जायला वाट नाही. त्याला शब्द सांगितला तसा त्यानं मोबाइल काढला आणि पाचेक मिनिटांत त्याचा चेहरा खुलला. त्याला शब्दांचं वेडच आहे. म्हणाला, मामा, हा आफ्रिकान्स भाषेतला शब्द. डच लोक साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी तिकडे गेले, त्यांची भाषा तिथं राहून राहून बदलली, तीच ही. मुळात हे तीन शब्द होते, 'फोर्त, से एक'. म्हणजे, 'पुढं हो, म्हणतो मी.' घाईघाईत बोलून बोलून झिजले आणि एकच झाला. मग तो इंग्रजांनी उचलला, झुलू आणि खोसा या तिथल्या भाषा बोलणाऱ्यांनीही आपल्या तोंडात बसवला, आता तो देशातल्या प्रत्येकाचा आहे. विनोद फळ्यावर खडूनं मला तो शब्द झिजवून दाखवायला लागला. मी म्हटलं, ते राहू दे, वापरतात कुठं? त्यानं पुन्हा मोबाइलात बघितलं आणि जरा चाचरत म्हणाला, "मुख्यतः कुत्रं हाकलायला, मामा."

म्हणजे तुझं पहिलं उत्तर खरं निघालं. मग दुसऱ्या उत्तरानं ते का खोडलं होतंस? कुत्र्याचा शब्द, आणि जिथं कुत्रं नाही तिथं ऐकू आलेला. परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. शेजारचा कॉलेजचा पोरगा आख्ख्या प्रवासात कानात काहीतरी घालून हसत होता आणि त्याचाही मला राग येत होता.

मी एका साक्षीवर कधी दंड केला नाही. म्हणून देगलूरला शरणप्पाकडे गेलो. माझ्या जुन्या ड्रायव्हरचा हा धाकटा भाऊ, तरुणपणी दक्षिण आफ्रिकेतल्याच एका खाणीत डिझेल मेकॅनिक होता, आता देगलूरला ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्यानं मला खुर्ची दिली, चहा सांगितला, तिकडच्या थंडीच्या गोष्टी सांगितल्या. मी तो शब्द काढला तसा तो पुन्हा पाना हातात घेऊन ट्रॅक्टरखाली वाकला. "अय्यो, ह्यो कुठं ऐकलाव मामा?" मी म्हटलं, तू आधी अर्थ सांग. त्यानं खालचा एक नट आवळला. मग म्हणाला, "त्यो कोन कुनाला म्हनतंय, त्याच्यावर हाय सगळं. पोरंपोरं दारू पिऊन हासत म्हनतेत, त्याचं काई न्हाई. काळे लोकबी येकमेकाला म्हनतेत. पन मालकानं गड्याला म्हनला की लई वंगाळ. शिवीपरीस वंगाळ. शिवी निदान मानसाला देतेत." आणि मग ट्रॅक्टरखालूनच त्यानं विचारलं, "पोराला कुनी म्हनलं का तुमच्या?" मी नाही म्हणालो. त्याला ते पटलं नाही. त्याला स्वतःला किती वेळा ऐकून घ्यावा लागला असेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तुला वाटेल, एका शब्दासाठी म्हातारा दोन जिल्हे हिंडला. आपल्या घरात शब्दांचं काय आहे ते तू विसरला नसशील अशी माझी आशा आहे. तुझ्या आजीची, नागुबाईची गोष्ट तुला आईनं अर्धीच सांगितली असेल. नायगावजवळच्या आपल्या गावात पिठाची गिरणी होती. माय दळणाची टोपली घेऊन लांब उभी राहायची. सगळ्यांचं झालं की मग तिचं. उन्हानं जीव घाबरा होऊन ती जरा सावलीकडे सरकली की गिरणीवाला तिच्याकडे न बघताच म्हणायचा, "हाड." सांडलेलं पीठ चाटायला तिथं एक कुत्रं असायचं, त्यालाही तो तेच म्हणायचा, त्याच सुरात. मी मायच्या लुगड्याला धरून उभा असायचो आणि मला बरेच दिवस कळायचंच नाही, की हा आता कुणाला म्हणाला. माय मात्र दर वेळी मागं सरकायची. पुढं मला नोकरी लागली, नांदेडला हे घर झालं, तेव्हा उंबऱ्यात पाय ठेवल्या ठेवल्या तिनं कायदा केला, "ह्या घरात कुत्र्यालाबी हाड म्हनायचं न्हाई." तेव्हापासून आपल्याकडं कुत्र्याला 'जा बाबा' म्हणतात. सगळी गल्ली हसते. कुत्र्यांना तर आपलं घर म्हणजे बिनतिकिटाची गाडी वाटते, ती पार चुलीपर्यंत येतात. पण कायदा आजवर मोडलेला नाही. तू पहिलीत असताना शेजारच्या रुद्राणीकाकू कुत्र्याला हाड म्हणाल्या म्हणून त्यांच्या दारात जाऊन भांडला होतास. त्यांनी तुला लाडू देऊन परत पाठवलं होतं.

आता त्याच पोराला परक्या देशात कुणीतरी तोच शब्द त्यांच्या भाषेत म्हणतंय, या विचारानं माझं काय झालं असेल ते बघ. आमच्यासारख्यांच्या डोक्याला एक वळण पडलेलं असतं. असला शब्द कुठंही ऐकू आला की तो आपल्याकडेच आला असणार, असं आम्ही धरून चालतो. दुसरी शक्यता मनात येतच नाही. माझ्याही आली नाही. मी इतका संशयी, पण त्या बाजूला माझा संशय कधी फिरकलाच नाही.

मग गीतांजली आणि धम्मप्रिया सुट्टीला आल्या. मी गीतांजलीला पहिल्याच दिवशी गाठलं. आनंदला कामावर त्रास आहे का? ती म्हणाली, नाही. टोपीवाला साहेब घरी येतो का? ती गोंधळली, म्हणाली, कोण टोपीवाला? मी म्हटलं, फुटसेक कोण कुणाला म्हणतं? ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यातला एक घडी घातलेला टॉवेल तिनं पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "बाबा, तुम्ही त्यांनाच विचारा ना," एवढंच म्हणाली. पोरगी गुणाची आहे. तिला खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगायची तिची तयारी नव्हती. माझ्या मनातला साहेब आणखी मोठा झाला.

धम्मप्रियेचं आणि भुऱ्याचं मेतकूट पहिल्या दिवसापासून जमलं. आईनं तिला घरचा कायदा सांगितला आणि तिनं तो असा उचलला, की कुत्रं आत यायच्या आधीच ती त्याला "जा बाबा, बाहेर बस" म्हणून समजवायची. एका दुपारी ती पायरीवर भुऱ्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. तुझी आई शेंगा फोडत होती, गीतांजली आत होती. मी सहज विचारलं, पिल्लू, तुमच्या तिकडं कुत्र्याला काय म्हणतात? ती म्हणाली, आमच्याकडे कुत्रा नाहीये. मी म्हटलं, मग तुमच्याकडं फुटसेक कुणाला म्हणतात? ती खुदकन हसली. मला वाटलं, शब्द ऐकून हसली. ती माझ्या अज्ञानाला हसली होती. म्हणाली, "आजोबा, ते काका आहेत! झाडांना पाणी घालतात ते. फुटसेककाका."

मी म्हटलं, कोण म्हणालं तुला? ती म्हणाली, "पप्पा त्यांना तशीच हाक मारतात. त्यांचं नाव आहे ते." आणि मग ती भरभरून सांगत सुटली. फुटसेककाकांची मोठ्ठी टोपी आहे. सकाळी ती दारातून "गुड मॉर्निंग फुटसेककाका" म्हणते, तेव्हा ते टोपी काढतात. त्यांनी तिच्या सायकलची साखळी बसवून दिली. त्यांच्या घराजवळ अंजिराचं झाड आहे, ते खिशातून तिच्यासाठी अंजीर आणतात. ती हाक मारते आणि ते येतात. आनंद, ते त्या हाकेला येतात.

तुझ्या आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला शब्दाचा अर्थ मी तोवर सांगितला नव्हता, पण माझ्या तोंडाकडं बघून तिला तो कळला असावा. ती उठून आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. त्या क्षणी मला तो उन्हाळ्यातला कॉल आठवला. दाराबाहेरचा तो आवाज मी का ओळखला नव्हता ते कळलं. तो तुझा होता. तुझ्या तोंडून तो सूर मी कधी ऐकलाच नव्हता, म्हणून माझ्या कानांनी तो तुझा मानला नाही. बागेत कुत्रं आलं होतं, हे तू मला सांगितलंस. कोणत्या तोंडानं सांगितलंस?

मला तुझा राग आला. असा राग मला कधीच कुणाचा आला नव्हता, त्या गिरणीवाल्याचाही नाही. तो तर परका होता. लाज वाटली. नातीसमोर डोळ्यांत पाणी नको म्हणून मी भुऱ्याला घेऊन तरोडा नाक्यापर्यंत चालत गेलो, आणि नाक्यावर उभं राहून काय करायचं ते न सुचल्यामुळं परत आलो.

घरी आलो तर गीतांजली दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आता तिला बोलावंसं वाटलं. म्हणाली, "बाबा, पहिल्या वर्षी साइटवरचा फोरमन यांनाच म्हणायचा. सगळ्यांसमोर, हसत हसत. हे घरी येऊन जेवायचे नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, चेष्टा असते ती, मित्र म्हणतात एकमेकांना. मग बढती झाली, बंगला मिळाला. फोरमन आता यांना सर म्हणतो." पुढचं मला विचारावं लागलं नाही.

म्हणजे माझा संशय खोटा नव्हता, अर्धा होता. तुला तो शब्द ऐकून घ्यावा लागला आणि तू आम्हाला एका अक्षरानं सांगितलं नाहीस. तू न जेवता झोपलास आणि इथं आम्ही तुझ्या पगाराचं कौतुक सांगत गल्लीत फिरत होतो. ते आठवलं की माझा राग वितळतो आणि तुला कुशीत घ्यावंसं वाटतं, एवढा मोठा बाप्या असलास तरी. पण मग लगेच दुसरं आठवतं. तो शब्द कसा लागतो हे ज्याला माहीत नाही त्यानं तो वापरला तर मी त्याला अडाणी म्हणेन. तुला माहीत होतं. तुझ्या अंगावर आलेला तो शब्द तू जपून ठेवलास आणि पायरी वर चढल्याबरोबर खालच्याच्या अंगावर टाकलास. विनोद म्हणतो तसा तो शब्द देशातल्या प्रत्येकाचा असेल. आपला नव्हता रे. आपल्या घरात तो यायलाच नको होता.

आता हे पत्र आजच का लिहितोय ते सांगतो. जानेवारीत धम्मप्रिया मोठ्या शाळेत जाणार, दप्तर कोणत्या रंगाचं घ्यायचं ते ती इथं आम्हाला विचारत होती. त्या शाळेत सगळी पोरं ती भाषा बोलणारी. पहिल्या आठवड्यातच मैदानावर कुणीतरी कुणाला तरी तो शब्द म्हणेल, आणि आपली पोर आनंदानं सांगेल, की हे तर आमच्या काकांचं नाव आहे. मुलं हसतील. मग तिला अर्थ सांगतील. त्या दुपारी ती घरी येऊन काय विचारेल ते मला माहीत आहे, आणि कुणाच्या डोळ्यांत बघून विचारेल तेही माहीत आहे. तिनं अंजिराच्या बदल्यात त्या माणसाला रोज सकाळी काय दिलं, हे तिला कळेल तेव्हा ती तुला माफ करणार नाही, आणि मला तिची समजूत घालता येणार नाही. त्या आधी तू बागेत जा. त्यांना त्यांचं नाव विचार. ते तुला माहीत नाही. माहीत असतं तर तिला माहीत असतं. माफी कशी मागायची ते मी शिकवत नाही, तू माझा मुलगा आहेस, तुला ती मागता येईल. मग धम्मप्रियेला बाहेर बोलाव आणि तिच्यादेखत त्यांना त्यांच्या नावानं हाक मार. आधीचं नाव कुठं गेलं असं ती विचारेल, तेव्हा खरं काय ते तूच तिला सांग, शाळेवर सोडू नकोस. डिसेंबरची तिकिटं मी रद्द केलेली नाहीत, पण तुझ्या आईनं उतरवलेली बॅग पुन्हा कपाटावर ठेवली आहे आणि मी तिला काही म्हणू शकलेलो नाही. मला उत्तरादाखल लांबलचक पत्र नको, कारणं तर मुळीच नकोत. फोन कर आणि मला ते नाव सांग. तुझ्या फाटकात उतरल्यावर सगळ्यात आधी मला त्यांना जयभीम घालायचा आहे, आणि नाव घेतल्याशिवाय मला तो घालता येणार नाही.

तुझाच,
बाबा